उद्यमवरची नोंद एकदा नीट वाचा, मग योजना शोधा

अमळनेरात माझं महा ई-सेवा केंद्र आहे. उन्हाळ्यात बिबडे-पापड करणाऱ्या आक्का येतात, एरवी वेल्डिंगवाले, गिरणीवाले. गाऱ्हाणं एकच: "भाऊ, सरकारना मेसेज मना मोबाइलवर येतच नही."

येणार कसा? उद्यमचा, म्हणजे केंद्र सरकारकडच्या लहान-मध्यम उद्योगांच्या नोंदणीचा, फॉर्म भरणाऱ्याने स्वतःचाच नंबर टाकलेला असतो.

म्हणून आधी उद्यमचं प्रमाणपत्र हातात घ्या. मोबाइल आणि ईमेल तुमचाच आहे का बघा. नसेल तर पोर्टलवर नोंद दुरुस्त करायची सोय आहे, पण लॉगिनचा ओटीपी त्या जुन्याच नंबरवर किंवा ईमेलवर जातो. तेव्हा ज्याने फॉर्म भरला त्याला गाठा, समोर बसवून ओटीपी घ्या आणि आपला नंबर टाकून घ्या. वेबसाइटचा पत्ता gov.in ने संपणारा हवा, म्हणजे 'जीओव्ही डॉट इन'. नोंदणी आणि दुरुस्ती फुकट आहे. आम्ही घेतो ती फॉर्म भरायची मजुरी. 'सरकारी फी' म्हणून कोणी हजार-दोन हजार मागितले तर उठून या.

आता खरी मेख. एका आक्काच्या प्रमाणपत्रावर व्यवसायाच्या रकान्यात 'ट्रेडिंग' होतं. ती तर घरी ज्वारी भिजवून, चीक शिजवून बिबडे घालते! ते उत्पादन झालं. 2021 पासून व्यापाऱ्यांनाही उद्यमवर नोंद मिळते, पण त्यांना फायदा फक्त प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरता, म्हणजे बँकांनी ठरावीक वाटा द्यायचाच अशा कर्जापुरता. उत्पादक किंवा सेवा देणारा सूक्ष्म-लघु उद्योग असेल तर माल घेणाऱ्याला करार असला तरी 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज. एका चुकीच्या शब्दापायी हे सगळं हातचं जातं. आक्काचं 'उत्पादन' केलं आणि पापडाचा एनआयसी कोड, म्हणजे त्या धंद्याचा सरकारी आकडा, 10796 टाकला. कोड शोधताना 'फूड' लिहून पहिला दिसेल तो उचलू नका, तुमच्या मालाचं नाव टाकून बघा.

आधार, पॅन आणि बँक पासबुकावरचं नाव एकसारखं असू द्या. आपल्याकडे लग्नाआधीचं-नंतरचं आडनाव हा मोठा घोळ. तो आधी आधार केंद्रावर मिटवा. आयकर विवरण भरत असाल तर गुंतवणूक-उलाढालीचे आकडे पोर्टल पॅन आणि जीएसटीवरून स्वतःच उचलतं, तिथे डोकं लावू नका.

एवढं झालं की योजनांकडे वळा. जळगाव जिल्ह्यात केळीचे वेफर्स करणाऱ्यांनी सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना बघावी: प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख अनुदान, तेही बँकेच्या कर्जाला जोडून. सध्या अर्ज घेतात का, ते कृषी कार्यालयात विचारून घ्या.

आणि पोर्टल अडलं तर नुसतं 'साइट चालत नाही' असं कळवू नका, त्याने कोणाचंच काही हलत नाही. कोणतं पान, कोणता रकाना, काय टाकलं, लाल अक्षरात काय आलं, किती वाजता, एवढं लिहा आणि स्क्रीनशॉट जोडा. आधार आणि खाते क्रमांक त्यात झाका. केंद्राच्या पोर्टलची तक्रार सीपीग्राम्स या तक्रारींच्या वेबसाइटवर, राज्याची 'आपले सरकार'वर. तक्रार क्रमांक मोबाइलमध्ये ठेवू नका, वहीत लिहा. मोबाइल नातवाच्या हातात असतो.