काळ्या मातीवर पूरग्रस्तांचं घर: पैसा आधी जमिनीत घाला

नाल्याकाठची वस्ती उठवून उंचावर नेली, नवी घरं बांधून दिली, आणि दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग गेली, की दोष मिस्त्रीच्या माथी मारला जातो. बहुतेक वेळा मिस्त्री निर्दोष असतो. खालची काळी माती पावसाळ्यात फुगते, मे महिन्यात आटते आणि घराचा एक कोपरा उचलते किंवा सोडते. म्हणून नागपूर भागात पुनर्वसनाचं घर बांधताना खर्चाचा क्रम असा ठेवावा: आधी जमिनीखाली, मग छपरावर, उरेल ते भिंतीत. योजनांचे नकाशे बहुधा याच्या उलट असतात.

पुढचे आकडे बाहेरून १५ × १८ फुटांच्या एकमजली घराचे आहेत. हे साधारण २५ चौरस मीटर भरतं. ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेतलं किमान क्षेत्रफळही तेवढंच. खोली, स्वयंपाकाचा ओटा, न्हाणी आणि संडास त्यात बसतात.

जागा

जलसंपदा विभागाचा पूररेषेचा नकाशा आधी मागवा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घर नकोच. नकाशाशिवाय त्या भागातल्या जुन्या भिंतींवरच्या पाण्याच्या खुणाही मोजा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा नाग नदीकाठच्या पक्क्या वसाहतींतही पाणी शिरलं, आणि वर्धा नदीनं ३० जुलै १९९१ ला नरखेड तालुक्यातलं मोवाड उद्ध्वस्त केलं. अशा खुणेच्या वर किमान २ फूट जोत्याची पातळी ठेवा. जमीन उंच असली तरी जोतं अडीच फुटांखाली नको.

आणखी एक गोष्ट नकाशात दिसत नाही. धुणीभांडी करणाऱ्या किंवा कळमन्याच्या बाजारात हमाली करणाऱ्या माणसाला रोज दोन ऑटो बदलून कामाला जावं लागलं, तर तो नवं घर भाड्यानं देऊन परत नाल्यावर येतो. जागा ठरवताना ऑटोचं भाडंही धरा.

मातीची परीक्षा, एक रॉकेलची बाटली घेऊन

प्रयोगशाळेचा अहवाल हवाच, पण पहिला अंदाज जागेवर घेता येतो. ३ फूट खोलीवरची माती वाळवून, कुटून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळा. १०० मिलिलिटरच्या दोन मोजनळ्यांत १०-१० ग्रॅम माती घ्या. एकीत शुद्ध पाणी, दुसरीत रॉकेल भरा. ढवळून हवेचे बुडबुडे काढा आणि २४ तास ठेवा. रॉकेलात माती फुगत नाही, पाण्यात फुगते. पाण्यातलं आकारमान १८ आणि रॉकेलातलं १० आलं, तर फरक ८, म्हणजे फुगवटा ८० टक्के. ५० च्या वर गेला की साधा पाया विसरा. १०० च्या वर गेला तर अभियंत्याशिवाय फावडंही मारू नका. (ही चाचणी आयएस, म्हणजे भारतीय मानक, २७२०, भाग ४० मध्ये दिली आहे.)

पाया

४-५ फुटांवर कडक मुरूम लागला तर सगळी काळी माती काढून मुरुमावरच पाया घ्या, तेच स्वस्त. मुरूम खोल असेल तर पाइल, म्हणजे जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब, तेही खाली फुगा असलेले (अंडर-रीम्ड). व्यास २५ सेंटिमीटर, खोली किमान साडेतीन मीटर, तळाशी फुग्याचा व्यास अडीचपट, म्हणजे साडेबासष्ट सेंटिमीटर. त्या खोलीवर मातीची ओल वर्षभर फारशी बदलत नाही, म्हणून फुगा तिथे घट्ट धरून राहतो. आयएस २९११, भाग ३ नुसार असा एक पाइल साधारण १२ टन पेलतो. आपलं घर ५० टनांच्या आसपास भरतं. चार कोपरे आणि चारही बाजूंचे मध्य मिळून ८ पाइल पुरतात. एका पाइलला साधारण ८ घनफूट काँक्रीट लागतं. सळया सहसा १२ मिमीच्या ४, नक्की आकडा अभियंत्याचा.

खड्डा हातानं फिरवायच्या ऑगरनं (मोठ्या गिरमिटानं) घेता येतो, मशीन लागत नाही. मात्र खणलेला पाइल त्याच दिवशी भरा. रात्रभर उघडा ठेवला तर फुग्याचं छत ढासळतं, आणि वरून टॉर्च मारली तरी ते दिसत नाही. हे काम जूनच्या आत उरका.

पाइलवरची बीम जमिनीला टेकू देऊ नका. खाली किमान ८ सेंटिमीटर मोकळी जागा हवी, नाहीतर फुगणारी माती बीमच उचलते आणि पाइलचा सगळा खर्च वाया जातो. युक्ती सोपी: बीमच्या जागी सव्वातीन इंच रेती पसरा, त्यावर बीम ओता आणि आठवड्यानं रेती खालून खरवडून काढा. मग आतल्या-बाहेरच्या बाजूला फरशीचे उभे तुकडे लावा, म्हणजे भराव आत घसरत नाही. रेती काढायची तेवढी राहून जाते, म्हणून बिल देण्याआधी स्वतः वाकून, सळई घालून पाहा.

भराव हीच सर्वांत मोठी चोरीची जागा. पायातून निघालेली काळी माती जोत्यात परत ढकलली की वर्षभरात फरशी मधोमध फुगून दार अडतं. आधी आतली फूटभर काळी माती काढा, मग फक्त मुरूम, ६-६ इंचांचे थर, पाणी मारून धुमसलेले. दाबल्यावर बसतो ते धरून सुमारे १० ब्रास (१,००० घनफूट) लागतो.

भिंत

कोराडी आणि खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांमुळे इथे फ्लाय अॅश विटा सहज मिळतात. घेताना एक कोरडी वीट तोला, २४ तास पाण्यात बुडवून पुन्हा तोला. ३ किलोची वीट ३ किलो ६०० ग्रॅमच्या पुढे गेली तर ट्रक परत पाठवा.

विटा एकसारख्या असल्यानं रॅट-ट्रॅप जोडणी जमते: विटा उभ्या कडेवर, मध्ये ३ इंच पोकळी. साध्या जोडणीत ६,००० विटा लागतील तिथे ४,५०० च्या आसपास भागतं आणि पोकळीतली हवा ऊन अडवते. पहिला थर, शेवटचा थर आणि दार-खिडक्यांच्या बाजू भरीव ठेवा. पोकळीत मसाला पडू नये म्हणून जोडणी करताना वर लाकडी पट्टी धरा. विटा लाल विटांसारख्या भिजत घालू नका, फक्त शिंपडा. दार-खिडक्यांवरून काँक्रीटचा पट्टा सलग चारही भिंतींवर फिरवा; तोडलेला पट्टा असून नसल्यासारखा.

छप्पर आणि कूलर

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, त्यामुळे नुसत्या टिनाखाली दुपारी कुणी राहत नाही. कवेलू घालून केलेला फिलर स्लॅब घ्या: स्लॅबच्या खालच्या अर्ध्यात काँक्रीट फारसं कामाचं नसतं, तिथे सळयांच्या चौकटींमध्ये जोडीनं कवेलू बसतात. ओतकाम संध्याकाळी करा, आळी घालून १४ दिवस पाणी साठवा. वर पांढऱ्या फुटक्या टाइल्स बसवा. तेवढा पैसा नसेल तर दर मार्चमध्ये चुन्याचे दोन हात. पश्चिमेला संडास-न्हाणी ठेवली की उतरतं ऊन त्याच भिंती झेलतात.

नागपूरचं घर कूलरशिवाय पूर्ण होत नाही, तरी नकाशात कूलर कुणी दाखवत नाही. कूलरच्या खिडकीसमोरच्या भिंतीत, वरच्या बाजूला, तेवढीच मोठी झडप ठेवा. हवा बाहेर पडली नाही तर खोली नुसती दमट होते.

कूलरची गळती पायाच्या मुळावरही येते. चार महिने एकाच कोपऱ्यात पाणी ठिबकतं, बाकी माती वाळून तडकलेली असते, आणि भेग नेमकी तिथूनच पायऱ्यापायऱ्यांनी चढते. न्हाणीच्या मोरीचंही तसंच. घराभोवती ३ फूट रुंद, बाहेर उतार दिलेला काँक्रीटचा पट्टा घाला. कूलरखाली थाळी आणि पाइप लावा, मोरीचं पाणी बंद पाइपनं किमान १० फूट लांब न्या. कडुनिंब-पिंपळ लावायचा तर झाड जितकं उंच वाढेल, घरापासून तितक्या अंतरावर.

पडवीला बांबू चालतो, पण कच्चा नको. १०० लिटर पाण्यात ३ किलो बोरॅक्स आणि २ किलो बोरिक अॅसिड विरघळवा. पेरं आतून भोसकून बांबू ७ ते १० दिवस बुडवून ठेवा, सावलीत वाळवा. हे औषध पाण्यानं धुऊन जातं, म्हणून खांबाचा बुंधा जमिनीत न पुरता काँक्रीटच्या फूटभर उंच ठोकळ्यावर बसवा.

चावी देताना घरच्या बाईला सोबत घेऊन घराभोवतीच्या पट्ट्याचा उतार बादलीभर पाणी ओतून दाखवा. पाणी भिंतीकडे वळलं तर पट्टा त्याच दिवशी फोडून पुन्हा घाला.