कवटीवरून चेहरा घडवताय? या चुका टाळा

मातीत हात बसलेला माणूस अनोळखी मृताची ओळख पटावी म्हणून पहिल्यांदा कवटीवर चेहरा करायला घेतो तेव्हा हमखास एक घोळ घालतो, चेहरा सुबक करतो. शाडूत काम केलेल्यांना तर ती सवयच असते. पण इथे देखणं काही करायचं नाहीये, बघणाऱ्यातल्या एखाद्याला "अरे, ही तर आपली ती" असं वाटलं की काम झालं.

१९८९ च्या डिसेंबरात वेल्समधल्या कार्डिफला एका घराच्या मागे खोदताना कामगारांना गालिच्यात गुंडाळलेला सांगाडा मिळाला, कोणाचा ते कळायला काही मार्गच नव्हता. मग मँचेस्टर विद्यापीठातले वैद्यकीय चित्रकार रिचर्ड नीव यांनी कवटीवरून मातीचा चेहरा केला, तो टीव्हीवर दाखवला आणि थोड्याच दिवसांत तिला ओळखणारे लोक पुढे आले. १९८१ पासून बेपत्ता असलेली १५ वर्षांची मुलगी होती ती.

आता चुका. खऱ्या कवटीवर माती थापू नका, साचा काढून प्रतिकृतीवर करा, कारण मूळ कवटी पुरावा आहे. मांसाची जाडी डोळ्यांच्या अंदाजाने तर अजिबात नको, ठरलेल्या जागांवर खुंट्या लावायच्या (अमेरिकेत असेच चेहरे घडवणाऱ्या बेटी पॅट गॅटलिफ बाई त्यासाठी खोडरबराचे तुकडे चिकटवायच्या) आणि त्यांच्या उंचीपर्यंतच माती भरायची. खुंट्यांची उंची मांसाच्या सरासरी जाडीच्या तक्त्यावरून ठरते, वय, लिंग, वंश चुकला तर तो तक्ताच चुकतो, म्हणून हाडांच्या तज्ज्ञाला आधी विचारा. जबडा वरच्या दातांना घट्ट चिकटवला तर चेहरा आखूड होतो, तोंड मिटलेलं असलं तरी दातांमध्ये दोन-तीन मिलिमीटर फट असते ती ठेवा.

नाकाचा अंदाज हाडावरून बराच येतो, कान आणि ओठांचा मात्र फारसा नाही, तिथे साधंच ठेवलेलं बरं, उगाच तीळ, खळी वगैरे टाकायची हौस नको. आणि बेपत्ता व्यक्तीचा फोटो आधी बघू नका हो, हात नकळत तिकडेच वळतो.

चेहरा दाखवूनही ओळखणाऱ्या कुणाचाच फोन नाही आला? मग माती मोडायच्या आधी केस बदलून बघा, केसांनी माणूस फार बदलतो, आणि वयाचा अंदाज परत तपासून घ्या.

फोन आला तरी लगेच फाईल बंद करू नका, मातीचा चेहरा म्हणजे नुसता धागा. कार्डिफमध्येही दातांच्या नोंदी पाहिल्या, हाडातला डीएनए आईवडिलांच्या डीएनएशी जुळवला, मगच ती कोण ते पक्कं झालं.