ऊर्जा बचत प्रमाणपत्रे: पडताळणीत बचत का गळते? या चुका टाळा

कारखान्यात नवे पंखे बसतात, मोटारींना वेग-नियंत्रक लागतात, दिवे बदलले जातात, आणि तरीही पडताळणीनंतर हाती येणारी ऊर्जा बचत प्रमाणपत्रे अपेक्षेपेक्षा बरीच कमी भरतात. अशा वेळी पडताळणी करणाऱ्याला दोष दिला जातो; पण माझ्या अनुभवात दोष बहुधा नोंदींत असतो, आणि त्यातही ज्या वर्षाशी तुलना करायची त्या आधारवर्षाच्या नोंदींत असतो.

ही प्रमाणपत्रे केंद्र सरकारच्या ‘परफॉर्म, अचीव्ह अँड ट्रेड’, म्हणजेच ‘पॅट’ योजनेतून मिळतात. तिचे पहिले चक्र 2012-13 ते 2014-15 असे होते आणि त्यात सिमेंट, पोलाद, खते, कागद, वस्त्रोद्योग, औष्णिक वीज यांसह 8 क्षेत्रांतील 478 मोठे ऊर्जा-ग्राहक होते. प्रत्येकाला एक टन उत्पादनामागे किती ऊर्जा वापरायची याचे लक्ष्य दिले जाते. लक्ष्याहून खाली उतरणाऱ्याला प्रमाणपत्रे मिळतात आणि मागे राहणाऱ्याला ती विकत घ्यावी लागतात. एक प्रमाणपत्र म्हणजे एक टन तेलाइतकी, अर्थात 1 कोटी किलोकॅलरी ऊर्जा.

पहिली चूक या व्याख्येतच होते. एकेका यंत्राची बचत मोजून तिची बेरीज केली की प्रमाणपत्रे मिळतील, असे अनेकांना वाटते. योजना मात्र यंत्रांकडे पाहत नाही. कारखान्याच्या फाटकातून आत आलेली सर्व ऊर्जा, त्यातून बाहेर गेलेली ऊर्जा आणि तयार झालेला माल, एवढाच तिचा हिशेब असतो. कामगार वसाहतीची वीज किंवा नव्या बांधकामाचा वापर या हिशेबात धरत नाहीत; म्हणून त्यांना स्वतंत्र मीटर नसेल तर वजावट अंदाजाने दाखवावी लागते, आणि अंदाज पडताळणीत टिकत नाही.

दुसरी चूक साध्या गुणाकाराची असली तरी ती मी अनुभवी अभियंत्यांकडूनही होताना पाहिली आहे. समजा, लक्ष्य प्रतिटन 0.085 टन तेल समतुल्य होते, प्रत्यक्ष वापर 0.083 झाला, आधारवर्षात 10 लाख टन उत्पादन होते आणि यंदा ते 13 लाख टन आहे. नियमानुसार फरकाला आधारवर्षाच्या उत्पादनाने गुणायचे असते. त्यामुळे प्रमाणपत्रे 2,000 होतात. 2,600 धरून आखलेले अंदाजपत्रक तिथेच कोसळते.

आता सर्वांत जास्त नुकसान करणाऱ्या विषयाकडे, म्हणजे कोळशाच्या उष्मांकाकडे (एक किलो कोळसा जाळल्यावर मिळणाऱ्या उष्णतेकडे) वळू. प्रयोगशाळा उष्मांक कधी हवेत वाळवलेल्या नमुन्यावर देते, तर कधी कोळसा आला त्या ओल्या स्थितीवर. वाळवलेल्या नमुन्यात 6 टक्के ओलावा आणि 4,500 किलोकॅलरी प्रतिकिलो उष्मांक असेल, पण आलेल्या कोळशात एकूण ओलावा 12 टक्के असेल, तर त्याचा खरा उष्मांक सुमारे 4,213 निघतो. वर्षाला 1 लाख टन कोळसा जाळणाऱ्या कारखान्यात एवढ्या फरकाचा अर्थ सुमारे 2,870 टन तेल समतुल्य होतो. आधारवर्ष एका स्थितीवर आणि लक्ष्यवर्ष दुसऱ्या स्थितीवर मोजले, तर एक किलो कोळसाही न वाचवता बचत दिसते. क्रम उलट झाला, तर खरी बचत नाहीशी होते. एका ठिकाणी आधारवर्षाच्या नोंदवहीत उष्मांकाचा आकडा होता, पण तो कोणत्या स्थितीवरचा हे कुठेच लिहिलेले नव्हते, आणि नमुना तपासणारे कर्मचारी निवृत्त झाले होते. तीन वर्षांच्या प्रामाणिक कामावर त्यामुळे प्रश्नचिन्ह लागले, याची मला आजही खंत वाटते. नमुना कुठे घेतला, कोणी घेतला, ओलावा किती होता आणि आकडा कोणत्या स्थितीवरचा आहे, या चार गोष्टी प्रत्येक अहवालावर असल्याच पाहिजेत.

विजेच्या स्रोताचेही तसेच आहे. बाहेरून घेतलेले एक युनिट हिशेबात 860 किलोकॅलरी धरले जाते. मात्र कोळशावर चालणाऱ्या स्वतःच्या वीजकेंद्रात तेच युनिट तयार करायला, समजा, 3,000 किलोकॅलरी लागतात. प्रतिटन 80 युनिट वापरणारा आणि 10 लाख टन उत्पादन करणारा सिमेंट कारखाना स्वतःचे केंद्र बंद करून पूर्णपणे बाहेरची वीज घेऊ लागला, तर कागदावर 17,120 टन तेल समतुल्य ‘बचत’ उभी राहते, आणि प्रत्यक्षात एकही युनिट वाचलेले नसते. हे टाळण्यासाठी दोन्ही वर्षे समान पातळीवर आणण्याची तरतूद, म्हणजे नॉर्मलायझेशन, ठेवली आहे. वीजमिश्रण, क्षमतेचा वापर, इंधनाचा दर्जा, बाहेरून घेतलेले किंवा विकलेले क्लिंकर यांसारखे अर्धवट उत्पादन, आणि पर्यावरण नियमांमुळे बसवावी लागलेली उपकरणे हे सारे त्यात येते. चंद्रपूर जिल्ह्यातील सिमेंट कारखान्यांच्या ऊर्जा व्यवस्थापकांनी या तरतुदी मुळातून वाचाव्यात, कारण स्वतःचे वीजकेंद्र आणि क्लिंकरची ने-आण या दोन्ही गोष्टी तिथे नेहमीच्या आहेत.

ही तरतूद आपल्या बाजूने वापरतानाही चूक होते. मागणी नसल्याने किंवा पुरामुळे उत्पादन घटले असे नुसते पत्र जोडून भागत नाही. बंद राहिलेले तास, पुन्हा सुरू करताना जळालेले इंधन आणि त्या काळातील लॉगबुक लागते, आणि कारण कारखान्याच्या हाताबाहेरचे होते हे त्यातून दिसावे लागते.

पडताळणी ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीने मान्यता दिलेली ऊर्जा लेखापरीक्षण संस्था करते. कारखाना ‘अ’ नमुन्यात कामगिरीचा दस्तऐवज देतो, संस्था ‘ब’ नमुन्यात प्रमाणित करते, आणि कागद राज्याच्या नियुक्त यंत्रणेकडे, महाराष्ट्रात महाऊर्जाकडे, जातात. ज्यांनी अलीकडे आपल्याच कारखान्याचे ऊर्जा लेखापरीक्षण केले त्यांनाच ओळखीचे म्हणून हे काम देणे ही गंभीर चूक आहे, कारण हितसंबंध आढळल्यास सगळा अहवाल अडचणीत येतो. प्रमाणपत्रे मिळाल्यावरही ब्यूरो फेरतपासणी करू शकतो. तेव्हा कोळशाच्या काट्याची आणि मीटरची कॅलिब्रेशन, म्हणजे अचूकता तपासल्याची, प्रमाणपत्रे लागतात. मीटर बदलला असेल, तर जुन्याचे शेवटचे आणि नव्याचे पहिले वाचन, तारीख व सहीसह जपून ठेवावे.

बाजाराबद्दलचा गैरसमज थोडक्यात सांगतो. योजनेच्या नियमांत 2011-12 या वर्षासाठी ऊर्जेचे सरकारी मूल्य प्रतिटन तेल समतुल्य 10,154 रुपये होते आणि कित्येकांनी तोच प्रमाणपत्राचा भाव धरला. सप्टेंबर 2017 मध्ये वीजबाजारांत व्यवहार सुरू झाले तेव्हा भाव त्याच्या जवळपासही नव्हता, कारण विकणारे जास्त आणि घेणारे कमी होते. दुसऱ्या चक्रासाठी 1,840 रुपयांचा किमान भाव ठरवावा लागला.

आता ऊर्जाप्रधान उद्योग टप्प्याटप्प्याने कार्बन क्रेडिट व्यापार योजनेकडे नेले जात असून तिचे आधारवर्ष 2023-24 आहे. एकक बदलून कार्बन डायऑक्साइडचे टन झाले असले, तरी हिशेब त्याच कोळशाच्या नमुन्यांपासून सुरू होतो. म्हणून त्या वर्षीचे प्रयोगशाळेचे अहवाल, ओलाव्याच्या नोंदींसह, या महिन्यातच शोधून एका फाइलमध्ये लावून घ्यावेत.