पब्लिक फोल्डरचं मायग्रेशन खरंच पुरं झालंय का, ते कसं तपासावं

ऑफिसातल्या जुन्या एक्सचेंज सर्व्हरवरचे (ऑफिसचा ईमेल सांभाळणारा मायक्रोसॉफ्टचा सर्व्हर) सामायिक फोल्डर, म्हणजे पब्लिक फोल्डर, मायक्रोसॉफ्ट 365 वर, म्हणजे त्यांच्या क्लाउडवर, नेण्याचं काम मी वागळे इस्टेटपासून महापे-तुर्भ्यापर्यंत बऱ्याच ठिकाणी केलंय. मालक दर दोन तासांनी विचारतात, "मॅडम, किती झालं?" आणि इंटरनेटवरचे अर्धे लेख सांगतात की टक्का बघा आणि सांगा. माझं ऐकाल तर टक्का सांगू नका. त्या एका आकड्यापायी मी एक अख्खा शनिवार-रविवार घालवलाय.

बॅकअप घेतलाय, कुठला फोल्डर कुठल्या मेलबॉक्सात जाणार याची यादी बनलीय, बॅच (कॉपीच्या कामांचा गठ्ठा) सुरू झालीय, हे सगळं मी धरून चालते. कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिलीत. पॉवरशेलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) पहिली काही अक्षरं टाइप करून टॅब दाबलात की पुढचं नाव आपोआप येतं.

फोल्डरांच्या नावांत तिरकी रेघ नाही ना, तेवढं आधी पाहून घ्या. आपल्याकडे आर्थिक वर्ष 2018/19 असं लिहायची सवय, त्यामुळे 'खरेदी बिलं 2018/19' असला फोल्डर हटकून सापडतो. उजवीकडे झुकलेली असो की डावीकडे, नावात अशी रेघ असली तर तो फोल्डर ठरलेल्या मेलबॉक्सात न जाण्याची शक्यता असते. रेघेच्या जागी आडवी खूण टाका.

बॅचची एकंदर स्थिती गेट-मायग्रेशनबॅच या कमांडने एका ओळीत दिसते.

खरी गोम पुढे आहे. बॅच ही नुसती पिशवी असते. आत प्रत्येक पब्लिक फोल्डर मेलबॉक्सची वेगळी विनंती चाललेली असते आणि प्रत्येकीचा वेग वेगळा. पिशवीवर 'सिंकिंग' (कॉपी चालू) लिहिलेलं असतं तेव्हा आत एक मेलबॉक्स उरकलेला, दुसरा निम्म्यावर आणि तिसरा चूक येऊन थांबलेला असू शकतो. म्हणून गेट-पब्लिकफोल्डरमेलबॉक्समायग्रेशनरिक्वेस्ट चालवा आणि त्याचं उत्तर पाइपने (मध्ये | ही उभी रेघ टाकून) गेट-पब्लिकफोल्डरमेलबॉक्समायग्रेशनरिक्वेस्टस्टॅटिस्टिक्स या कमांडला द्या. मग मेलबॉक्सागणिक ओळ मिळते. त्या ओळीतून मी चार गोष्टी मागते: स्टेटस-डिटेल, किती बाइट गेले, किती आयटम (मेल, फाइली वगैरे) गेले आणि शेवटचं सिंक कधी नीट झालं.

ऑक्टोबर 2020 मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सचेंज 2010 चा सपोर्ट बंद केला, त्या धांदलीत तुर्भ्यातल्या एका क्लिअरिंग एजंटचं काम माझ्याकडे आलं. शुक्रवारी संध्याकाळी बॅच लावली. शनिवारी रात्री पाहिलं तर दोन मेलबॉक्स 95 टक्क्यांवर आणि तिसरा 41 वर. तासाभराने पाहिलं, तेच आकडे. आणखी दोन तासांनीही तेच. अडकलंय असं समजून मी बॅच काढून टाकली आणि नव्याने लावली. सोमवारी ऑफिस उघडलं तेव्हा कॉपी निम्म्यावरसुद्धा आली नव्हती आणि कस्टमची कागदपत्रं हाताळणारी माणसं माझ्याभोवती उभी होती.

अडकलेलं काहीच नव्हतं. 95 टक्के म्हणजे पहिली कॉपी पुरी झाली. उरलेले पाच टक्के तुम्ही शेवटची कमांड (कम्प्लीट-मायग्रेशनबॅच) दिल्यावरच सरकतात. ते दोन मेलबॉक्स माझी वाट बघत होते. आणि 41 वाला हळू का होईना, चालू होता. जुना रिपोर्ट मी नंतर काढून वाचला. त्यात दर थोड्या वेळाने 'स्टॉल्ड ड्यू टू टार्गेट' अशी नोंद होती आणि दोन नोंदींच्या मध्ये आयटमचा आकडा वाढलेला होता. 'टार्गेट' म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या बाजूचा सर्व्हर. त्याच्यावर ताण आला की तो कॉपी थोडी थोपवतो आणि ताण ओसरला की पुन्हा सुरू करतो. आपण करण्यासारखं तिथे काही नसतं.

तेव्हापासून मी वही ठेवते. पानावर तीन रकाने पाडायचे: वेळ, बाइट, आयटम. प्रत्येक मेलबॉक्सची नोंद करायची, तासाभराने पुन्हा करायची. रात्री 10 ला 61,204 आयटम आणि 11 ला 61,950, तर काम चालू आहे. टक्का जागचा हललेला नसला तरी झोपायला जा. सलग तीन नोंदींत दोन्ही आकडे तेच आले आणि स्टेटस-डिटेलमध्ये 'सिंक्ड' (पहिली कॉपी पुरी) नसेल, तरच पुढे बघा. तिथे 'ट्रान्झियंट फेल्युअर सोर्स' दिसलं तर दोष आपल्या बाजूला असतो: जुना सर्व्हर, फायरवॉल किंवा इंटरनेटची लाइन. ते ठीक करा, पुढचा प्रयत्न ते स्वतः करतं. 'फेल्ड' दिसलं तर इन्क्लूड-रिपोर्ट जोडून पूर्ण रिपोर्ट काढा, शेवटच्या चुकीचं कारण वाचा, ते दूर करा आणि स्टार्ट-मायग्रेशनबॅच द्या. जिथे थांबलं होतं तिथून उचलतं. बॅच काढून टाकणं हा उपाय नाही. 'रिमूव्ह करून परत लावा' असा सल्ला कुणी दिला तर त्याला विचारा, सोमवारी तू येऊन उत्तरं देणार का?

रिपोर्टमधल्या वेळा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असतात. आपली वेळ साडेपाच तास पुढे. 18:30 ची नोंद म्हणजे इथले रात्रीचे बारा. हे न समजल्यामुळे चालू काम 'संध्याकाळपासून बंद' म्हणून कळवलेलं मी पाहिलंय.

सगळे मेलबॉक्स 'सिंक्ड' झाले की लोक पेढे मागवतात. थांबा. 'सिंक्ड' म्हणजे शेवटच्या सिंकपर्यंतचं गेलं. यानंतर बॅच 24 तासांतून एकदा फरक भरून काढत राहते, आणि लोक अजून जुन्याच फोल्डरात लिहीत असतात. शेवटचं सिंक त्याच दिवशीचं आहे हे प्रत्येक मेलबॉक्सला पाहा, मगच जुना सर्व्हर लॉक करा. लॉक केल्यावर कुणालाही पब्लिक फोल्डर उघडत नाहीत, तेव्हा हे शनिवारी रात्री करा आणि आधी सगळ्यांना सांगा. लॉक सगळीकडे पोचायला वेळ द्या. मग कम्प्लीट-मायग्रेशनबॅच. 'कम्प्लीटिंग' बराच वेळ दिसत राहतं. मोठ्या कामात मी रात्रभर धरते.

कॉपी होताना गाळलेल्या आयटमची गोष्ट वेगळी. बॅचला डेटाच्या अचूकपणाची श्रेणी मिळते: परफेक्ट, गुड, इन्व्हेस्टिगेट, पुअर. 'इन्व्हेस्टिगेट' आली की गाळलेल्या आयटमना तुमची मंजुरी लागते, आणि बरेच जण यादी न उघडताच ती देऊन टाकतात. यादी उघडा. महाप्यात एकदा त्या यादीत एकाच फोल्डरातली ड्रॉइंगं होती आणि ती दुसरीकडे कुठेच नव्हती. जुना सर्व्हर चालू होता म्हणून हाताने काढता आली.

'कम्प्लीटेड' दिसल्यावर मोजणी. लॉक केल्यानंतर जुन्या बाजूला गेट-पब्लिकफोल्डरस्टॅटिस्टिक्सने प्रत्येक फोल्डरचा आयटम-आकडा फाइलीत घेऊन ठेवलेला असायला हवा; नव्या बाजूला तेच करा आणि एक्सेलमध्ये शेजारी-शेजारी लावा. रिझल्ट-साइझ अनलिमिटेड दिलं नाहीत तर यादी मध्येच कापली जाते आणि फोल्डर गायब झाल्याचा भास होतो. आकारमान जुळवत बसू नका. दोन्हीकडे जीबी वेगळेच येतात, त्याला अर्थ नाही. आयटम जुळायला हवेत, आणि जुळले नाहीत तर ते गाळलेल्यांच्या यादीत सापडायला हवेत.

परवानग्यांसाठी मी साहेबांच्या खात्याने तपासत नाही, त्यांना सगळंच दिसतं. डिस्पॅचला बसणाऱ्या माणसाच्या खात्याला आधी नवा पब्लिक फोल्डर मेलबॉक्स जोडा, त्याच्या शेजारी बसा आणि त्याच्याकडून रोजचा फोल्डर उघडून घ्या. ज्या फोल्डरांना स्वतःचा ईमेल पत्ता आहे त्या प्रत्येकाला बाहेरच्या खात्यावरून एक मेल टाका.

हे जमलं की सगळ्यांना नव्या फोल्डरांवर आणा. जुना सर्व्हर लॉक अवस्थेतच ठेवा. महिनाअखेरीचे हिशेब एकदा नव्या फोल्डरांतून निघाले की मगच मी तो बंद करायला होकार देते. एक्सचेंज 2016 आणि 2019 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय, त्यामुळे तो बंद होईपर्यंत त्याची बाहेरची दारं फायरवॉलवर बंद ठेवा.