व्हीलचेअरवरच्या माणसाला घेऊन मोठ्या शहरात फिरताना

मेजपट्टी घेऊन आधी खुर्ची मोजा. सीटची रुंदी नको. हाताने फिरवायच्या एका कड्यापासून दुसऱ्या कड्यापर्यंतची बाहेरची रुंदी हवी. मोठ्या माणसाच्या साध्या खुर्चीत ती बहुधा ६० ते ७० सेंमी भरते. बोटं खरचटू नयेत म्हणून दोन्हीकडे पाच-पाच सेंमी जादा धरा. लांबी मात्र माणूस बसलेला असतानाच मोजा, कारण लिफ्टचं दार अडतं ते चपलेच्या टोकाला.

हॉटेलला फोन करून ‘व्हीलचेअर आत येते का?’ असं विचारलंत तर उत्तर ठरलेलं: ‘येते की!’ गेल्यावर कळतं, तीन पायऱ्या आहेत आणि ‘आमची मुलं उचलतील ना’. त्यापेक्षा रस्त्यापासून खोलीपर्यंत किती पायऱ्या, बाथरूमचं दार किती सेंमी आणि ते कुठल्या बाजूला उघडतं, हे विचारा. आत उघडणारं दार खुर्ची आत गेल्यावर लागतच नाही. रॅम्प आहे म्हणाले तर लांबी विचारा. सेंटीमीटरभर चढायला बारा सेंमी लांबी लागते, म्हणजे १५ सेंमीच्या एका पायरीला १८० सेंमी. दारात टाकलेली हातभर फळी म्हणजे रॅम्प नव्हे.

मेट्रोने जाणार असाल तर चढायच्या आणि उतरायच्या, दोन्ही स्टेशनांवरची लिफ्ट चालू आहे का ते निघण्याआधी बघा. पुढच्या-मागच्या स्टेशनावरून कसं जाता येईल तेही पाहून ठेवा. डब्यात शिरताना फट रुंद असेल तर उलटं शिरा. मोठी चाकं फट सहज ओलांडतात, पुढची छोटी चाकं तिच्यात अडकतात. गटाराच्या जाळीवरही तेच होतं.

खरी कसरत फूटपाथच्या कडेला. खुर्ची कडेला काटकोनात आणा. मागे उलटू नये म्हणून लावलेली छोटी चाकं असतील तर ती वर फिरवा, नाहीतर खुर्ची झुकणारच नाही. ‘मागे झुकवतेय हं’ असं सांगा, खुर्चीच्या मागे खाली बाहेर आलेल्या नळीवर पाय दाबा, ढकलायच्या मुठी खाली ओढा. पुढची चाकं फूटपाथवर टेकली की मागची चाकं कडेला भिडेपर्यंत पुढे सरका आणि मग मांड्यांचा जोर लावून वर लोटा. उतरताना उलटं: पाठ रस्त्याकडे, दोन्ही मोठी चाकं एकदम खाली. सरळ उतरवलीत तर बसलेलं माणूस पुढे फेकलं जातं. तीव्र उतारावरही असंच, पाठमोरं.

मदतीला धावणारे हमखास हात टेकवायच्या दांड्या नाहीतर फूटरेस्ट धरतात. दोन्ही बऱ्याचदा निघणारे भाग असतात, उचलताना हातात येतात. कुठे धरायचं ते आधीच दाखवा: मुख्य सांगाडा.

मुठींना जड पिशव्या अडकवू नका. माणूस गाडीत बसायला उठलं की वजन मागे जातं आणि खुर्ची उताणी पडते. उठण्याआधी दोन्ही ब्रेक लावा, फूटरेस्ट वर करा. ब्रेक टायरवरच दाबतो, म्हणून टायरमध्ये हवा कमी असली तर ब्रेक लावूनही खुर्ची घसरते. सोबत छोटा पंप ठेवा.

दिवसाला दोन ठिकाणं पुरेत. स्वच्छतागृह कुठे आहे ते ठिकाण ठरवतानाच बघा, कारण ते लांब असलं की माणूस मुकाट्याने पाणी प्यायचं कमी करतं. अर्ध्या तासाच्या आत बसणं थोडं बदलायला लावा, पुढे वाकून किंवा कुशीला कलून. संवेदना कमी असेल तर एकाच जागी दाब पडून जखम होईपर्यंत कळत नाही.