अंडी घातल्यानंतर लेपर्ड गेको मादीची आणि तिच्या अंड्यांची काळजी

पाळीव लेपर्ड गेकोने (ही ठिपकेदार पालीची एक जात) अंडी घातली की पाळणाऱ्याचे सारे लक्ष साहजिकच अंड्यांकडे वळते. परंतु अंडी सुरक्षित जागी हलवण्याचे काम काही मिनिटांचे असते, तर मादीची झीज भरून येण्यास अनेक आठवडे लागतात. म्हणून अंडी हलवून झाली की काळजीचा मोठा वाटा मादीला मिळाला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मादी साधारणपणे एका वेळी दोन अंडी घालते आणि ती ओलसर मॉस किंवा माती भरलेल्या डब्यात पुरून ठेवते. त्यानंतर ती अंड्यांची राखण करत नाही, त्यामुळे ती उचलण्यात मादीवर अन्याय होत नाही. मात्र ती शक्य तितक्या लवकर उचलावीत, कारण त्यांचे कवच कोंबडीच्या अंड्यासारखे टणक नसून मऊ व चिवट असते आणि कोरड्या जागेत ते लवकर आकसते. उचलण्यापूर्वी प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूवर पेन्सिलीने हलकीशी खूण करावी व ती खूण शेवटपर्यंत वरच राहील असे पाहावे. पक्ष्यांची अंडी उबवताना फिरवावी लागतात, पण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यात भ्रूण सुरुवातीच्या काळातच कवचाच्या आतल्या बाजूला चिकटतो, आणि नंतर अंडे उलटले तर तो दगावू शकतो. दोन अंडी एकमेकांना चिकटली असतील तर ती ओढून वेगळी करू नयेत, तशीच एकत्र ठेवावीत.

उबवण्यासाठी झाकणाच्या डब्यात व्हर्मिक्युलाइट किंवा परलाइट (ओलावा धरून ठेवणारी हलकी दाणेदार खनिजे) घ्यावे आणि त्यात वजनाने तेवढेच पाणी मिसळावे. मिश्रण मुठीत दाबल्यावर पाणी टपकता कामा नये. अंडी त्यात निम्मी रुतवावीत आणि पाणी घालण्याची वेळ आलीच तर ते थेट अंड्यांवर न टाकता कडेने सोडावे. तापमान 26 ते 32 अंश सेल्सियसच्या दरम्यान स्थिर ठेवावे लागते. या प्रजातीत पिल्लाचे लिंग उबवणीच्या तापमानावर ठरते: 26 अंशांच्या आसपास बहुतेक माद्या, तर 32 अंशांच्या आसपास बहुतेक नर निपजतात. तापमान कमी असेल तर पिल्ले उशिरा बाहेर येतात, म्हणून ठरावीक दिवस उलटले एवढ्यावरून अंडे टाकून देऊ नये. थर्मोस्टॅट (तापमान आपोआप स्थिर ठेवणारे उपकरण) असलेली उबवणपेटी वापरावी आणि आतल्या तापमापकाची खातरजमा दुसऱ्या तापमापकाने करून घ्यावी, कारण काही तासांची तीव्र उष्णतासुद्धा भ्रूणाला घातक ठरते.

काही दिवसांनी अंधाऱ्या खोलीत अंडे न हलवता त्यावर लहान टॉर्चचा प्रकाश धरल्यास फलित अंड्यात गुलाबी-लाल रक्तवाहिन्या दिसतात. पिवळे पडून खचत गेलेले आणि बुरशी धरलेले अंडे सहसा निकामी असते, पण शंका असेल तर ते वेगळ्या डब्यात ठेवून वाट पाहणेच योग्य.

आता मादीविषयी. प्रसवानंतर तिचे पोट आत गेलेले आणि कुशीची कातडी सैल झालेली दिसते, हे अपेक्षितच आहे. पोट अजूनही फुगलेले असेल, पातळ कातडीतून अंड्याचा पांढरट आकार दिसत असेल आणि ती सतत उकरत असूनही अंडे बाहेर येत नसेल, तर अंडे अडकल्याची शक्यता असते. अशा वेळी पोट दाबून पाहण्याचा मोह कटाक्षाने टाळावा आणि सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे तिला विनाविलंब न्यावे.

कवच तयार करताना मादीच्या शरीरातील कॅल्शियम मोठ्या प्रमाणात खर्ची पडते. रातकिड्यांना व अळ्यांना आधी पौष्टिक खाद्य खाऊ घालावे आणि देताना त्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरावी. ड जीवनसत्त्वाविरहित शुद्ध कॅल्शियमची लहान वाटीही तिच्या घरात कायम असावी. ड जीवनसत्त्व मात्र मोजूनच द्यावे, कारण त्याचा अतिरेकही अपायकारक असतो. पाय किंवा बोटे थरथरणे, जबडा मऊ पडणे, अंग उचलून चालता न येणे ही कॅल्शियम खालावल्याची लक्षणे आहेत आणि त्यांवर घरगुती उपाय करत बसू नये. ताजे पाणी, ऊबदार कोपरा आणि लपण्याची शांत जागा तिला सतत उपलब्ध असावी. दर आठवड्याला तिचे वजन करून नोंदवावे व शेपटीची जाडी पाहावी, कारण या प्राण्याची चरबी शेपटीत साठते आणि ती बारीक होत चालली की मादी खंगते आहे हे समजते.

नराला लगेच वेगळे करावे. तो दूर असला तरी मादी शरीरात शुक्राणू साठवू शकते आणि त्याच हंगामात काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा अंडी घालू शकते. त्यामुळे ओलसर डबा काढून टाकू नये आणि कॅल्शियमचा पुरवठा हंगाम संपेपर्यंत चालू ठेवावा. तिचे वजन पूर्ववत झाल्याशिवाय पुढचे मीलन घडवून आणू नये.