कमरेला लावायचं पिस्तूल कसं निवडावं

परवाना हातात आहे असं मी धरून चालतो. नसेल तर आधी तो काढा. नागपूर शहरात राहत असाल तर पोलीस आयुक्तालय, ग्रामीणमध्ये असाल तर जिल्हाधिकारी कार्यालय. असेल तर त्यावर क्षेत्र काय लिहिलंय ते एकदा नीट वाचा. जिल्ह्यापुरताच परवाना असेल तर वर्ध्याला लग्नाला जातानाही पिस्तूल घरीच राहतं.

पुढचं काम म्हणजे यूट्यूब बंद करणं. तिथले अमेरिकन लोक ग्लॉक ४३ बरं की सिग पी३६५, यावर तासन् तास बोलतात. दोन्ही ९ एमएम पॅराबेलम, आणि आपल्याकडे ते प्रतिबंधित बोअर, म्हणजे सामान्य माणसाला बंदी असलेल्या मापाचं. तुम्हाला-मला ते मिळणार नाही, मग ऐकायचं कशाला? सामान्य परवान्यावर खिशात मावणारं पिस्तूल घ्यायचं तर बहुतेकांची गाडी .३२ वरच येऊन थांबते. काडतुसांच्या पेटीवर ज्याला ७.६५ एमएम ब्राउनिंग लिहिलेलं दिसतं, ते हेच काडतूस. शंभरहून जास्त वर्षांचं आहे, धक्का कमी देतं.

आता दोन रस्ते. एक, सरकारी ऑर्डनन्स कारखान्याचं नवं देशी पिस्तूल. दुसरा, जुनं विदेशी. ऐंशीच्या दशकात आयात जवळपास बंद झाली, त्यामुळे आज आपल्याकडे जे 'प्रीमियम' म्हणून विकलं जातं ते कोणाच्या तरी वडिलांचं किंवा आजोबांचं असतं: वॉल्थर पीपीके, एफएन ब्राउनिंग १९१०, बेरेटा, चेकोस्लोव्हाकियाचं सीझेड. किंमत काही लाखांत. ही किंमत नावाची असते, आतल्या मालाची असेलच असं नाही. गल्लत इथेच होते, आणि मला स्वतःला ही पायरी जमायला बराच वेळ लागला.

पिस्तूल हातात आलं की पहिल्यांदा मॅगझिन (मुठीतला काडतुसांचा खण) काढा, स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी बघा, मग त्यात करंगळीचं टोक घालून बघा. विकणारा 'रिकामंच आहे भाऊ' म्हणाला तरी. नंतर नंबर. फ्रेमवरचा नंबर विकणाऱ्याच्या परवान्यावरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. पिस्तूल आरशासारखं चमकत असेल तर मी सावध होतो. क्रोम नवीन चढवलं की खालचे गंजाचे खड्डे बुजतात आणि कोरलेली अक्षरं गुळगुळीत होतात. चिन्हांच्या कडा बोटाला लागत नसतील तर ते पिस्तूल पॉलिशवाल्याकडे जाऊन आलेलं आहे. त्यापेक्षा कडा झिजून पांढरं पडलेलं, पण अंगचा मूळ काळा रंग असलेलं पिस्तूल कधीही बरं.

मग स्प्रिंग. रिकामं पिस्तूल नळी वर करून धरा, स्लाइड थोडीशी मागे घ्या आणि हळूहळू सोडा. ती आपली आपण पूर्ण बंद झाली पाहिजे. शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरला अडली आणि अंगठ्याने ढकलावी लागली तर स्प्रिंग थकली आहे किंवा आत मळ आहे. दोन्ही दुरुस्त होतात, पण भाव करताना बोला.

पीपीकेसारख्या पिस्तुलात सेफ्टीची कळ खाली केली की चढलेला हॅमर (मागचा घोडा) आपटतो, पण काडतुसावर आदळणारी पिन मारली जायला नको. हे नुसतं बघून कळत नाही. नळीत सैल जाईल अशी बारीक पेन्सिल घ्या, खोडरबराची बाजू आत, पिस्तूल छताकडे. हॅमर चढवा, सेफ्टी खाली करा. पेन्सिल हलली तर पिस्तूल परत द्या आणि चहा न पिता निघा. सेफ्टी वर करून, हॅमर चढवून चाप ओढल्यावर मात्र पेन्सिल टुणकन उडायला हवी.

शेवटी मॅगझिन. हे लोक शेवटी बघतात, किंवा बघतच नाहीत. मूळ कंपनीची किमान दोन नसतील तर मी भाव निम्म्यावर आणतो, कारण सुटं मॅगझिन मिळणं म्हणजे नशिबाची गोष्ट, आणि स्थानिक नकलेचे वरचे, काडतूस धरून ठेवणारे ओठ चार दिवसांत फाकतात. .३२ च्या काडतुसाला बुडाशी बारीक काठ असतो. भरताना वरच्याचा काठ खालच्याच्या काठामागे बसला की दोन्ही एकमेकांत अडकतात, आणि स्लाइड कितीही ओढा, पुढे काही जात नाही. आखूड काडतुसांना मॅगझिनमध्ये पुढेमागे सरकायला जागा मिळते, तिथे हा त्रास जास्त. म्हणून रेंजवर, तुम्ही रोज वापरणार तीच खडकीच्या सरकारी कारखान्याची काडतुसं प्रत्येक मॅगझिनमधून चालवून बघितल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. विकणारा नाही म्हणाला तर का, ते विचारा.

हाताचंही बघा. पीपीकेची मूठ आखूड आहे, जाड पंजाच्या माणसाच्या अंगठ्याजवळचं मांस मागे येणारी स्लाइड सोलून काढते.

होल्स्टर चाप पूर्ण झाकणारंच घ्या. खिशात, ऑफिसच्या बॅगेत किंवा पायजम्याच्या नाडीत खोचून फिरणाऱ्यांशी मला बोलायचं नाही. इतकी जुनी पिस्तुलं कमरेला लावताना चेंबर रिकामं ठेवा, माझं मत पक्कं आहे. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, अंगात पातळ सुती शर्ट, आणि सीताबर्डीहून इतवारीपर्यंत स्कूटरवर गेलात की कमरेचा घाम थेट स्लाइडवर. कातड्याचं होल्स्टर तो शोषून धरतं. रात्री पिस्तूल बाहेर काढा, पुसा, तेलाचा हात मारा. एका उन्हाळ्यात तांबडे ठिपके आलेली स्लाइड मी बघितली आहे.

व्यवहार दोन परवानाधारकांमध्ये असेल तर विकणाऱ्याने लेखी कळवल्यावर ४५ दिवस थांबावं लागतं, तोवर पिस्तूल त्याच्याकडेच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, म्हणून घरात वडिलांच्या दोन बंदुका आधीच तुमच्या नावावर असतील तर आधी एक कमी करा.

आणि निवडणूक लागली की शस्त्र जमा करण्याचा आदेश येऊ शकतो. ठाण्यात देण्याआधी नळीला आतून तेल लावा, तिथे ते आठवडेच्या आठवडे पडून राहतं. पावतीवर नंबराबरोबर मॅगझिन किती दिली तेही लिहून घ्या.